लंकाबाईंच्या पिकअपची हवा

लंकाबाई मौले दूध घ्यायच्या तेव्हा आधी दूधवाल्याच्या हाताकडं बघायच्या, मग मापाकडं आणि सगळ्यात शेवटी दुधाकडं. नाशिकजवळ मखमलाबादच्या वाटेवर त्यांचा मळा होता. शेवंती, झेंडू, कोथिंबीर, मेथी असं काही ना काही बारा महिने उभं असायचं. पिकवायचं काम नवऱ्याचं, म्हणजे देवराम मौल्यांचं. विकायचं काम लंकाबाईंचं. देवराम तोंडातून शब्द काढायला नाखूष माणूस, त्यामुळं ही वाटणी दोघांनाही सोयीची होती.

लंकाबाई काही पहिल्यापासून अशा नव्हत्या. नव्वदच्या सुमाराला पंचवटीच्या बाजारात पाटी घेऊन बसायच्या तेव्हा शेजारणीच्या भरवशावर माल टाकून खुशाल चहाला जायच्या. मग एका वर्षी ओळखीच्या दुकानदारानं देवाची शपथ घालून दिलेलं झेंडूचं बी त्यांनी लावलं. झाडं कमरेला लागली, पाला असा गर्द की वाटेनं जाणारा थांबून बघायचा. दसरा आला, कळी नाही. दुकानदार म्हणाला, पाणी जास्त झालं. बियाणं बनवणाऱ्यांचा माणूस म्हणाला, खत कमी पडलं. भावकी म्हणाली, नजर लागली. त्या दसऱ्याला मौल्यांच्या दाराला दुसऱ्याच्या मळ्यातल्या झेंडूचं तोरण लागलं. त्यानंतर त्यांनी कुणाचं नुसत्या शब्दावर काही घेतलं नाही.

पुढं पेठ रस्त्यानं वापीला भाजी आणि फुलं न्यायला त्यांनी टर्बोची पिकअप घेतली, तेव्हा हा स्वभाव गाडीलाही लागू झाला. पहिल्याच वर्षी एका गॅरेजमधून गाडी परत आली तर नवीकोरी स्टेपनी जाऊन तिच्या जागी झिजलेलं टायर. गॅरेजवाला म्हणाला, "हीच होती." त्याच्याशी भांडून काही निघालं नाही. घरी येऊन लंकाबाईंनी चारी टायरांना आतल्या बाजूनं पिवळा ठिपका दिला, बॅटरीला तार गुंडाळली आणि बॉनेटखालच्या एका काळ्या डब्याला तार घालून वर लाखेचं सील लावलं. त्या डब्यात कंपनीचा अस्सल एअर फिल्टर असतो आणि बाजारात त्याच्या नकला फिरतात, एवढं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. लाख ओली असतानाच तिच्यावर जुन्या भोकाच्या पैशाचा छाप उठवला, म्हणजे कुणी तोडून पुन्हा लावायचं म्हटलं तरी जमू नये.

पेठ नाक्यावरचा गेणू मिस्त्री गाडीचं बाकीचं काम करायचा. सील बघून तो हसला नाही, पण हात पुसत म्हणाला, "वहिनी, ह्यो डबा उघडावा लागतोय अधूनमधून. आतला कागद धुळीनं भरतो."

"भरू दे."

"भरला की गाडीला हवा पुरत नाय. टर्बो म्हंजे काय, पंखाच की. हवा ओढून इंजनात कोंबतो. पुढूनच नाक दाबलं तर तो कोंबणार काय?"

"उघडायचा असंल तर माझ्यासमोर उघडा."

"मग चला, आत्ताच उघडू."

"आत्ता नको," लंकाबाई म्हणाल्या. उघडायची एवढी घाई कशाला, हे त्यांना कळेना. मिस्त्रीच्या मागं फळीवर तसलेच दोन-तीन जुने फिल्टर पडलेले त्यांना दिसत होते.

ते तसंच राहिलं. त्या सालात पेठच्या रस्त्याचं काम निघालं होतं. डांबर उखडून ठेवलेलं, मैलोन् मैल लाल फुफाटा. पुढं ट्रक असला की दिवसाही दिवे लावावे लागायचे. पावसाळ्यानंतर गाडी काळा धूर सोडायला लागली. वापीहून द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचं परतीचं भाडं असायचं. खोकी घडी करून रचलेली, दिसायला थोडी आणि वजनाला भारी. ती घेऊन कोटंबीच्या घाटात पिकअप दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर यायची आणि तिथंही कण्हायची. डिझेल तर पाण्यासारखं जायला लागलं.

डिझेल जास्त जातं म्हटल्यावर लंकाबाईंच्या डोळ्यापुढं पहिला आला तो बारकू.

बारकू भोये त्यांचा ड्रायव्हर. करंजाळीच्या पुढं एका पाड्यावरचा. शिडशिडीत, कमी बोलणारा, घाटातलं वळण न् वळण पाठ असलेला. दोन वर्षं गाडीवर होता, गाडीला ओरखडा नव्हता. पण लंकाबाईंनी कुठंतरी ऐकलं होतं की घाटाखाली ढाब्यांवर ड्रायव्हर टाकीतलं डिझेल काढून विकतात. त्यांनी बारकूला सरळ विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला पहाटे डोक्याला रुमाल बांधून, भाकरीचं फडकं घेऊन त्या केबिनमध्ये येऊन बसल्या.

"मावशी, तुम्ही कुठं?"

"वापीला. बघावं म्हटलं एकदा बाजार."

बारकूनं त्यांच्याकडं पाहिलं आणि गाडी काढली. पुढच्या खेपेला त्या पुन्हा बसल्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही. कुठं थांबलास, का थांबलास, हॉर्न कुणाला दिलास, तो हात केला तो कोण. बारकू उत्तरं द्यायचा. चहाला उतरला तर टाकीच्या झाकणाकडं तोंड करून लंकाबाई उभ्या. डिझेल कुणी काढताना दिसलं नाही. पण मी बसते म्हणून आता काढत नसेल, असंही असू शकतं. डिझेल तर तेवढंच जात होतं. म्हणजे पंपावरच काहीतरी असणार. त्यांनी पंप बदलला. तरीही तेवढंच.

एका रात्री जेवताना देवराम म्हणाले, "गेणू म्हणत होता डबा उघडा."

"गेणू तुम्हाला कुठं भेटला?"

"नाक्यावर. भाजी टाकून येताना."

"बरा भेटला," लंकाबाई म्हणाल्या.

त्याच दिवसांत लंकाबाईंचा भाचा रोहित मळ्यात आला. भावाचा मुलगा. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ गाड्यांच्या सजावटीच्या सामानाचं दुकान होतं त्याचं. सीटकव्हर, दिवे, हॉर्न, काचेवरचे स्टिकर. पिकअप चालू केल्यावर मागं उठलेला धूर त्यानं पाहिला.

"आत्या, हिला हवा मिळत नाहीये."

लंकाबाईंनी मान वर केली. हेच वाक्य गेणूनं म्हटलं होतं. दोघं एकमेकांना ओळखत असावेत का?

"मग काय डबा उघडायचा म्हणतोस?"

"उघडायचा कशाला? तो अख्खा डबाच काढून टाकायचा. बाहेरच्या देशात सगळे हेच करतात." त्यानं गाडीतून एक खोकं आणलं. आत चकाकता पाइप आणि त्याच्या टोकाला लाल जाळीचा शंकू. भजनातल्या झांजेसारखा लखलखत होता. "हा उघडा फिल्टर. डब्याची अडचण नाही, सगळीकडून हवा ओढतो. एकदा बसवला की बदलायचा नाही, नुसता धुवायचा. माझ्या गाडीला आहे, ऐका कसा आवाज येतो."

लंकाबाईंनी तो शंकू हातात घेऊन फिरवला. जाळीच्या आत तेल लावलेलं सुताचं कापड होतं. त्यांनी नखानं टोकरून पाहिलं. "आणि जुना डबा?"

"तो तुमच्याजवळ. हवं तर सीलसकट ठेवा."

हे मात्र त्यांच्या मनाला पटलं. अस्सल माल घरात कुलपात राहणार. तो कुणी बदलण्याची भीतीच मिटली. तरी त्या एकदम हो म्हणाल्या नाहीत. "आधी एक खेप करून बघू. पटलं नाही तर परत घेशील?"

"घरचंच आहे आत्या."

घरचंच आहे, हे लोक कधी म्हणतात, ते लंकाबाईंना माहीत होतं. पण त्यांनी गाडी द्वारकेला पाठवायचं ठरवलं आणि स्वतःही गेल्या. रोहितच्या माणसानं डबा काढला. तो लंकाबाईंनी लगेच मांडीवर घेतला आणि लाखेवरचा छाप तपासला. शंकू बसला, पाइपला क्लिपा आवळल्या. निघताना त्यांनी एक गोष्ट पाहिली. गल्ल्यामागून रोहितनं बारकूला खुणेनं बोलावलं आणि कागदात गुंडाळलेलं एक पुडकं त्याच्या हातात ठेवलं. बारकूनं ते सदऱ्याच्या आत सरकवलं.

परतीच्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, "रोहितची ओळख हाय का तुझी?"

"दुकानात येत जात असतो," बारकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कोथिंबीर भरून गाडी निघाली आणि म्हसरूळ सोडायच्या आधीच फरक कळला. पाय ठेवताच गाडी झेपावली. बॉनेटखालून शीळ घातल्यासारखा आवाज. धूर जवळजवळ नाही. बारकूच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू दिसलं.

"मावशी, गाडी मोकळी झाली."

लंकाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. इतके दिवस न गेलेला आजार एका दिवसात जातो, हे त्यांना मानवेना. त्या झेंडूचा पालाही असाच पहिल्या महिन्यात बघत राहावा असा होता. त्या वापीपर्यंत शीळ ऐकत गेल्या. वापीला भाजी उतरली, खोकी चढली, दुपारच्या उन्हात परतीला लागले. सपाटीवर गाडी छान पळाली. कोटंबीच्या घाटात रस्त्याचं काम चालू होतं, एका बाजूनं सोडत होते. रोलरच्या मागं, ट्रकांच्या रांगेत, लाल धुळीच्या ढगात अर्धा घाट चढला. ऊन मी म्हणत होतं. निम्म्यावर आल्यावर शीळ घोगरी झाली आणि गाडी पुन्हा जड वाटायला लागली. जुन्याइतकी नाही, पण जड.

"आता काय झालं?" लंकाबाईंनी विचारलं.

"तापली असंल. डबा नाय ना, इंजनाचीच गरम हवा ओढते."

"तुला कसं माहीत?"

"अंदाज."

करंजाळीला चहाच्या टपरीपुढं गाडी लागली. लंकाबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "बॉनेट उघड."

इंजिन निवेपर्यंत थांबून बारकूनं उघडलं. लाल शंकू आता ओळखू येत नव्हता, नुसता मातीचा गोळा. ते ठीकच. धूळ अडवायलाच तर तो होता.

"त्याच्या मागचा पाइप सोड."

"का?"

"सोड म्हणते ना."

बारकूनं क्लिप सैल करून पाइप ओढला. लंकाबाईंनी भाकरीच्या फडक्याचा पांढरा कोपरा बोटाला गुंडाळला आणि पाइपच्या आत, शंकूच्या पलीकडच्या बाजूला फिरवला. जिथं गाळून झालेली हवा जाते, तिथं. बोट बाहेर काढलं तर फडक्यावर लालसर, चिकट गाळ. त्यांनी तो अंगठ्यानं चोळून पाहिला. बारीक रेती लागत होती.

हेच इंजनात जात होतं.

बारकूही वाकून बघत होता. "हे वाईट," तो म्हणाला. "पंख्याच्या पात्या घासतील."

लंकाबाईंनी फडक्याची घडी घातली आणि त्याच्याकडं वळल्या. "रोहितनं तुला काल पुडकं दिलं. काय होतं त्यात?"

"माझं होतं."

"तुझं म्हंजे?"

"माझं म्हंजे माझं, मावशी."

"हे गाडीला बसवलं म्हणून दिलं का त्यानं? सकाळी तूच म्हणालास ना, गाडी मोकळी झाली?"

बारकूनं पाइप जागेवर घातला, क्लिप आवळली, बॉनेट खाली घेतलं. मग हात झटकून म्हणाला, "डिझेलचं विचारलं, सांगितलं. थांबलो का, विचारलं, सांगितलं. हात कुणाला केला तेही सांगितलं. हे नाय सांगणार."

टपरीवाला ऐकत होता. बारकूनं गाडी हळू, कुठंही न ताणता नाशिकपर्यंत आणली. खोकी जिथं द्यायची तिथं उतरवली, मळ्यात गाडी लावली, बादली आणून काच धुतली आणि किल्ली देवरामांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, तो पेठच्या एका काळीपिवळी जीपवर लागला.

"गेला तर गेला," लंकाबाई म्हणाल्या. "खोट नसती तर सांगितलं असतं."

शंकू काढून त्यांनी रोहितच्या दुकानात नेला आणि फडकं त्याच्यासमोर उलगडलं. रोहितचा चेहरा उतरला. तो म्हणाला, माझी गाडी शहरात चालते, मला असा अनुभव नाही. तेल कमी लावलं असेल, बसवण्यात फट राहिली असेल. त्यानं वस्तू परत घेतली, पण आत्याला चहाही विचारला नाही. त्याला आधीच माहीत होतं की नव्हतं, हे लंकाबाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पुडक्याचं त्यांनी त्याला विचारलंच नाही. दोघांनी मिळून काही केलं असेल तर तो खरं थोडंच सांगणार, असं त्या मनाशी म्हणाल्या.

आता गाडीला ना शंकू, ना डबा. देवरामांनी शेजारच्या पोराला बोलावून जुना डबा परत बसवून घेतला, तर धूर पूर्वीसारखाच. ती तशीच गेणू मिस्त्रीकडं न्यावी लागली. लंकाबाई बरोबर गेल्या. ते फडकंही घेतलं होतं. गेणूनं ते बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, "उघडा फिल्टर शहरातल्या गाडीला चालंल. पेठच्या धुळीला नाय."

"मग तुमचा डब्यातला तरी काय वेगळा? तोही आत अशीच धूळ सोडत असंल. सगळे सारखेच."

"ते आतापर्यंत कुणी बघितलंय?" गेणू म्हणाला. "सील तुमचं. तोडा तुम्हीच."

लंकाबाईंनी मिस्त्रीची पक्कड मागितली. तार तोडली, लाख फुटून बॉनेटखाली पडली. डब्याच्या खटक्या गेणूनं सोडल्या आणि झाकण वर केलं.

आतला फिल्टर ओळखू येत नव्हता. कागदाच्या घड्यांमधली प्रत्येक फट लाल मातीनं लिंपलेली, मध्ये वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, कोथिंबिरीची काडी, एक मेलेली गांधीलमाशी. गेणूनं तो जमिनीवर आपटला तर पसाभर माती पडली. मग त्यानं तो उलटा करून लंकाबाईंच्या हातात दिला. "आता आतून बघा."

त्यांनी फडक्याचा कोरा कोपरा शोधला, बोटाला गुंडाळला आणि कागदाच्या आतल्या बाजूनं फिरवला. डब्यातून पुढं जाणाऱ्या पाइपमध्येही फिरवला. फडकं पांढरंच राहिलं. त्यांनी ते उन्हात धरून बघितलं, पुन्हा एकदा फिरवलं.

"ह्यानं एक कण आत सोडला नाय," गेणू म्हणाला. "पण हवा तरी कुठून येणार? श्वास कोंडला की डिझेल जळत नाय नीट, काळा धूर होऊन जातं. तुमचं डिझेल धुरात गेलं वहिनी. कुणी काढलं नाय."

लंकाबाई तिथल्या टायरवर बसल्या. त्यांना कोटंबीचा घाट दिसत होता, आणि टाकीच्या झाकणाकडं तोंड करून उभी असलेली स्वतः.

पण फिल्टर तर नवा घ्यावाच लागणार होता, आणि इथं त्यांचा स्वभाव पुन्हा उभा राहिला. गेणू म्हणाला मी आणतो. त्या म्हणाल्या, मी येते. दोघं मिळून चार दुकानं फिरले. सगळ्यांकडं कंपनीचंच खोकं, सगळे म्हणत होते अस्सल. लंकाबाई जुना फिल्टर पिशवीत घालूनच फिरत होत्या. एकाचा रबरी काठ दाबला तर तसाच दबलेला राहिला. एकाच्या घड्या जुन्यापेक्षा विरळ होत्या. एकाच्या खोक्यावरची अक्षरं पुसट होती. दुकानदार चिडला, म्हणाला, भाजी घेताय का? त्या म्हणाल्या, "भाजी असती तर एवढं बघितलं नसतं." शेवटच्या दुकानात गेणूनं फिल्टरच्या आत पेटता बल्ब धरला. उजेडाचा एक ठिपकाही बाहेर आला नाही, काठ दाबल्यावर परत वर आला. तो घेतला.

"आता आणखी एक करू," गेणू म्हणाला. "डब्याचं तोंड खाली हाय, चाकाजवळ. फुफाटा सगळा तिथंच असतो. पाइप काढून टपाच्या वर नेऊ. वर धूळ कमी."

"आणि त्या पाइपाला भोक पडलं तर?"

"फिल्टरच्या आधी पाइप कसाबी असला तरी चालतो. फिल्टरच्या पुढं मात्र टाचणीएवढं भोक चालत नाय."

लंकाबाईंनी त्यावर खूप विचार केला. पावसाचं पाणी आत जाईल का, याचं उत्तर त्यांनी दोनदा विचारलं. गेणूला पत्र्याच्या कामात काही सुटत असणार, हेही मनात येऊन गेलं. मग हो म्हणाल्या. ड्रायव्हरच्या बाजूनं काचेलगत वर गेलेली, टोकाला पुढं वाकलेली पत्र्याची नळी तयार झाली. तोंडाला जाळी. पेठ रस्त्यावर लोक तिला "धुराड्याची पिकअप" म्हणायला लागले. आणि धुराड्यातून धूर निघत नाही म्हणून थांबून बघायचे. सावळीराम नावाचा एक बदली ड्रायव्हर त्यांनी तात्पुरता ठेवला होता. त्याच्याबरोबर त्या घाटात गेल्या. खोकी भरलेली, दुपारचं ऊन, तोच फुफाटा. दुसऱ्या गिअरवर गाडी वर आली. शीळ नाही, झेप नाही, पण कण्हणंही नाही. डिझेलचा काटा मात्र पूर्वी घाट चढल्यावर असायचा तिथंच होता; डिझेल आता जास्त जात नव्हतं.

करंजाळीला त्या एकट्याच उतरल्या. सावळीरामला म्हणाल्या, "तू हो पुढं. मी एसटीनं येते." हातात बारकूची चादर होती. केबिनमध्ये सीटमागं राहिलेली.

पाड्यावर पोचायला उन्हातून बरंच चालावं लागलं. बारकूचं घर कुडाचं, नुकतंच सारवलेलं. पुढं बैलगाडी सोडलेली. तिच्या मागच्या फळीवर आणि दोन्ही चाकांच्या वर लाल-पांढऱ्या रेडियमच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, अगदी कोऱ्या. खुंटीला अर्धं रीळ लटकत होतं, त्याच्यावर रोहितच्या दुकानाचा कागद.

बारकूची आई बाहेर आली. लंकाबाई गाडीकडं बघतायत हे पाहून म्हणाली, "थोरल्याची गाडी. मागच्या साली तिन्हीसांजंला ट्रकनं उडवली. एक बैल गेला. बारक्यानं आता ह्ये चमकणारं आणलं, लांबून दिसावं म्हणून."

"दिसंल," लंकाबाई म्हणाल्या.

बारकू संध्याकाळच्या फेरीआधी जेवायला आला. त्यांना बघून दारात थांबला. मग आत येऊन बसला. लंकाबाईंनी चादर त्याच्यापुढं ठेवली आणि डबा उघडल्याचं सगळं सांगितलं. माती, पाकळ्या, पांढरं राहिलेलं फडकं, टपावरची नळी. बारकू ऐकत होता. नळीचं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "तोंडाला जाळी लावली का?"

"लावली."

"बरं केलं."

"डिझेलचं माझं चुकलं," लंकाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या वाटेनं मनात म्हणत आल्या होत्या, तरी ते तोंडातून जड निघालं. "त्या पुडक्याचंबी. गाडीवर परत ये."

बारकूनं भाकरीचा तुकडा मोडला. "राग नाय मावशी. पण तुम्ही केबिनमध्ये बसल्या की मी घाटात आरशात मागचा ट्रक बघू का तुमचं तोंड? एक दिवस गाडी दरीत घातली असती मी."

"मग?"

"तुम्ही येणार नसला तर येतो. बाजाराला जायचं असंल तर एसटी हाय."

"आणि गाडी कोण बघंल?"

"मी बघीन की."

लंकाबाईंच्या तोंडात दहा प्रश्न आले. सावळीरामनं परवा पाइपची क्लिप नीट आवळली होती का, इथपासून ते पुढच्या पावसापर्यंत. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि उठल्या. "सोमवारी मेथी हाय," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी पहाटे बारकू आला. बॉनेट उघडून डब्याच्या खटक्या त्यानं स्वतः तपासल्या, टपावरच्या नळीला हात लावून हलवून बघितली. देवरामांनी किल्ली दिली. लंकाबाई ओसरीवर उभ्या होत्या. गाडी चालू झाली, तशा त्या वळल्या आणि टोपली घेऊन मळ्याच्या खालच्या अंगाला शेवंती तोडायला गेल्या. तिथून रस्ता दिसत नाही.

थोड्या वेळानं देवराम मागून आले.

"गेला," ते म्हणाले.

"ऐकलं," लंकाबाई म्हणाल्या. आवाज विरेपर्यंत त्यांचे हात थांबले होते. मग त्यांनी पुढचं फूल तोडलं आणि सवयीनं उलटं करून, देठापाशी कीड आहे का ते बघितलं.